डालड्याच्या डब्यातली अंडी

आमचे बालपण कोयनानगरच्या धरण-वसाहतीत गेले. १९७० च्या सुमारास एका सुट्टीत मला आणि दादाला नदीकाठच्या वाळूत कासवाची दहाबारा अंडी सापडली. झाले! डालड्याच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली, अंडी पुरली आणि डबा परसात ठेवला. आई तुळशीला पाणी घाली, आम्ही डब्याला. रोज तांब्याभर, न चुकता. दोन महिन्यांनी डबा उपडा केला तेव्हा शेजारच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. पिल्लू एकही नव्हते. दादा रात्री जेवला नाही.

गेल्या फाल्गुनात आम्ही उभयता कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणमार्गे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो. वेळास हे नाना फडणविसांचे गाव. पण आता लोक तिथे जातात ते कासवांसाठी. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली तिथे संरक्षणाचे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवण्यासाठी ती अंडी अलगद उचलून, कुंपणाच्या आत तशाच मापाच्या खड्ड्यात पुरतात. सुमारे दीड-दोन महिन्यांत पिल्ले वर येतात.

“पाणी केव्हा घालता?” मी विचारले.

राखणदार हसला. “पाणी कशाला, काका? आत वाळूला ओल असतेच. अंडं कवचातून श्वास घेतं. पाणी तुंबलं की गुदमरतं.”

वाळू फारच कोरडी पडली तरी अंडी सुकतात. शिवाय पिल्लू नर की मादी हे घरट्यातली ऊब ठरवते! साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. अमेरिकेतल्या चावऱ्या ‘स्नॅपिंग’ कासवाची तऱ्हा आणखी निराळी: फार गारव्यातही माद्या, फार उष्णतेतही माद्या, नर मधल्या उबेत.

“म्हणजे सुनेला बोल लावायची सोयच नाही,” आमची ही म्हणाली.

मला मात्र डबा दिसत होता. रात्री दादाला पुण्याला फोन लावला आणि सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता.

“डब्याला खाली भोकं पाडू या, असं तू म्हणाला होतास,” दादा म्हणाला. “आई डबा परत मागेल म्हणून मीच नको म्हटलं.”