लय पळते तेव्हा

पहाटे ३:३०
पारनेरच्या बाजूचं गाव. अखंड हरिनाम सप्ताहाचा सातवा दिवस. मृदंगवाले महाराज कोठीतून मूठभर गव्हाचं पीठ आणतात, मळतात आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापतात. थाप मारून ऐकतात. आवाज कोरडा वाटतो. ओलं बोट फिरवून आणखी चिमूटभर कणीक लावतात. उजवीकडची शाई पेटीच्या काळी एकला जुळवायची असते. हातोडीने गट्टे ठोकले की वादी ताणते. चारला काकडा सुरू. आठ-दहा म्हातारी माणसं, कानटोप्या, दोन टाळ. इथं भांडण होत नाही. एवढ्या पहाटे वाजवायला दुसरं कुणी येतच नाही.

सकाळी ७:००
ज्ञानेश्वरीचं पारायण. आज अठरावा अध्याय, एकट्याच्याच अठराशेच्या वर ओव्या. पखवाजाला विश्रांती. महाराज कणीक खरवडून काढतात. तशीच वाळली तर चामडं बिघडतं आणि नवी पुडी दोन हजारांच्या घरात जाते. सप्ताहाची बिदागी नऊ हजार, जेवण गावाचं, एसटीचं भाडं स्वतःचं. हात आळंदीत तयार झाला. दिवसा पाठांतर आणि माधुकरी, संध्याकाळी गुरूंपुढे बसणं.

सकाळी ११:००
गाथा भजन. पखवाज आजच्या अन्नदात्याच्या पुतण्याकडे. वय वीस, शिक्षण मोबाइलवर. ठेका स्वच्छ सुरू होतो. दुसऱ्या चरणाला लय सरकते, चौथ्याला पळते. निम्मे टाळकरी गाणाऱ्याला धरतात, निम्मे पखवाजाला. मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, गाडी हळू घे!" पोरगा लाल होतो आणि आणखी जोरात वाजवतो. गाणारे आजोबा चरण अर्धवट सोडून पेटीवाल्याकडे बघतात.

दुपारी १२:३०
पंगत. आमटी, भाकरी, बुंदी. टाळकऱ्यांचं ठरलेलं आहे. "रात्री तो उभा राहिला, तर आम्ही टाळ घेणार नाही." तेवढ्यात बुंदीची बादली घेऊन पोराचे काका येतात. "महाराज, पोराला आज कीर्तनात घ्या बरं का." दोघांनाही एकच उत्तर मिळतं. "बघू, माउली."

दुपारी २:३०
देवळाची ओसरी. पोरगा पखवाज घेऊन आलाय, नवे बोल मिळतील म्हणून. महाराज त्याच्या हातात टाळ देतात.
"मला टाळ येतो की."
"मग धर."
महाराज ठेका धरतात आणि अभंग गुणगुणतात. मुद्दाम संथ. टाळ आधी पडतो. महाराज काही न बोलता पहिल्यापासून सुरू करतात. पुन्हा आधी पडतो, पुन्हा पहिल्यापासून.
"तोंडाने म्हणत जा. ओठ मिटले की हात पळतो."
बऱ्याच वेळाने पोरगा बोलतो, "सगळ्यांदेखत बोलला ना तो मला."
"त्याला मी पंगतीतच समज दिलीय. तू आवाज कमी ठेव. तुझी चूक लहान आहे, वाजवणं मोठं आहे."

संध्याकाळी ५:००
हरिपाठ. दोन रांगा समोरासमोर, पावली चाललेली. पखवाज पोराच्या गळ्यात, दहा-बारा किलोचं ओझं. महाराज त्याच्या पुढ्यात टाळ घेऊन उभे. हात पळवता येतो, पण सत्तरीतल्या म्हाताऱ्यांचे पाय पळवता येत नाहीत. पोरगा दोनदा पुढे जातो. पाय मागे राहिलेले दिसतात. दोन्ही वेळा स्वतःच परत येतो. महाराज त्याच्याकडे बघत नाहीत.

रात्री ९:००
कीर्तन. महाराजांच्या सात दिवसांच्या बिदागीपेक्षा कीर्तनकारांचं आजचं पाकीट जाड आहे. आज पखवाज दोन. पोराकडे फक्त ठेका; दुगण आणि तिहाई महाराजांकडे. टाळकरी उभे राहतात. एक जण मात्र टाळ खाली ठेवून श्रोत्यांत जाऊन बसतो. शेवटच्या अभंगाला पोरगा सुटतो. महाराज हात आखडता घेतात, फक्त समेवर डावा घुमवतात. टाळकरी तिथे थांबतात. एकटा पडल्यावर पोराला सम सापडते. काका मोबाइलवर सगळं उतरवून घेतायत.

रात्री ११:३०
कीर्तनकारांची गाडी गेली. मंडपात जागराची मंडळी बसतायत. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, ती खाली टेकत नाही. टाळ खाली ठेवणारा टाळकरी महाराजांजवळ येतो.
"उद्या काल्याला तरी त्याला नको."
"काल्याच्या कीर्तनाला मी. मिरवणुकीला तो."
"आणि तिथं पळाला म्हणजे?"
"तुम्ही पुढं चालायचं. हळू." महाराज नखांतली कणीक काढतात. "हे बघा, मी उद्या दुपारच्या एसटीनं जाणार. पुढच्या एकादशीला तुमच्या देवळात कोण वाजवणार आहे?"
टाळकरी विचार करतो. गावात दुसरा पखवाजवाला नाही.
"त्याला टाळ घेऊन बोलवा," महाराज सांगतात. "पखवाज महिनाभरानं."