गळाला लागलेल्या माशाला वेदना होतात का?

थोडक्यात माहिती

- फरक : इजा होताच चेतातंतूंनी दिलेला प्रतिसाद म्हणजे इजासंवेदन. त्या इजेचा जाणवणारा त्रास म्हणजे वेदना.
- प्रयोग : २००३, रोझलिन संस्था, स्कॉटलंड. लिन स्नेडन व सहकाऱ्यांना ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा टिपणारे चेतातंतू आढळले. ओठात अ‍ॅसेटिक आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. मॉर्फिन हे वेदनाशामक दिल्यावर हे घासणे कमी झाले.
- आक्षेप : माशांच्या मेंदूत निओकॉर्टेक्स हा बाहेरचा थर नसतो. त्यामुळे त्यांना वेदनेची जाणीव होणे शक्य नाही, असे संशोधक जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये मांडले.
- कायदा : प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०. ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणी. मासेही त्यात येतात. खाण्यासाठी मारण्यास मुभा आहे, मात्र अनावश्यक यातना देता येत नाहीत.
- गळ टाकणाऱ्यांसाठी : उलटा काटा नसलेला गळ पटकन निघतो. सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा आणि लगेच पाण्यात सोडावा. खायचा मासा तडफडत न ठेवता डोक्यावर एकच जोरदार घाव घालून मारावा.