दोन दशांश मिलिमीटरचा हिशेब

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. इतिहासाची आवड असलेली माणसं तिथे मस्तानीची कबर पाहायला जातात. यंत्रांची आवड असलेल्यांना तिथल्या विज्ञान आश्रमात डोकावण्याचं वेगळं कारण आहे. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी, लोकांसाठी खुली कार्यशाळा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या आवाराबाहेर उभी राहिलेली पहिली फॅब लॅब म्हणून पाबळचं नाव घेतलं जातं. साल २००२. बोस्टनच्या साउथ एंडमधली, नॉर्वेतल्या लिंगेनची, घानातल्या ताकोराडीची, या सगळ्या लॅब पाबळनंतरच्या.

पाबळच का, याचं उत्तर त्याच्या वीस वर्षं आधी सुरू होतं. डॉ. श्री. शे. कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र. गाव पर्जन्यछायेतलं, पाण्याची ओढ कायमची. कलबागांना हवं होतं ते असंच चारचौघांसारखं, अडचणी असलेलं गाव. शाळेत नापास झालेली किंवा शाळा सुटलेली मुलं हातांनी काम करता करता शिकतात की नाही, हे त्यांना अशा जागी पडताळून पाहायचं होतं.

मुलं शिकली. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, पशुपालन, रक्तगट तपासणी असं सगळं थोडं थोडं शिकवणारा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम तिथे तयार झाला आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्याला मान्यता दिली. ही मुलं लोखंडी अँगल जोडून घुमटाकार घरांचे सांगाडे उभे करत. ‘पाबळ डोम’ हे नाव त्यातूनच आलं. जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा आणि त्यावरून खाली पाणी असण्याची शक्यता किती हे ठरवायचं, असं भूजल सर्वेक्षणही विद्यार्थी करत. इलेक्ट्रॉनिक्स हा तिथे पुस्तकातला धडा नव्हता, विहीर कुठे खणायची या प्रश्नाचा तो एक भाग होता.

तिकडे एमआयटीत नील गेर्शनफेल्ड नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये एक विषय शिकवायला घेतला होता: जवळजवळ काहीही कसं बनवायचं. संशोधक विद्यार्थ्यांना महागडी यंत्रं चालवता यावीत एवढाच हेतू. पण वर्गात वास्तुरचनाकार आणि कलावंतांचीही गर्दी झाली आणि ज्याला त्याला स्वतःच्या मनातली वस्तू बनवायची होती. २००१ मध्ये गेर्शनफेल्डांचं सेंटर फॉर बिट्स अँड अ‍ॅटम्स सुरू झालं. सरकारी अनुदानाबरोबर हे काम समाजापर्यंत नेण्याची जबाबदारीही आली. व्याख्यानं देत फिरण्याऐवजी यंत्रांचा छोटा संचच लोकांच्या हाती द्यावा, असं त्यांच्या गटाने ठरवलं. असा संच पाबळला पोचला, तेव्हा त्याच्यापुढे जे प्रश्न आले ते दुधाचा कस तपासण्याचे आणि शेतातल्या डिझेल इंजिनाचं टायमिंग नीट लावण्याचे. गिऱ्हाईक दारातच उभं होतं.

संच म्हणजे काय? लेझर कटर, स्टिकरचा कागद किंवा तांब्याचा पातळ पत्रा कापणारं व्हिनाइल कटर, सर्किट बोर्ड कोरणारं लहान मिलिंग मशिन, सोल्डरिंगचं टेबल आणि काही संगणक. पुढे लाकडाची मोठी फळी कापणारं राउटर आणि थ्रीडी प्रिंटर आले. दिसायला प्रत्येक मशिन वेगळं, पण आतली गोष्ट एकच. संगणक एक आकडा सांगतो, मोटर तेवढी सरकते. संगणकाच्या हुकमाने चालणारं पहिलं मिलिंग मशिन एमआयटीनेच १९५२ मध्ये दाखवलं होतं, तेव्हा हुकूम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून जात. आज ते जी-कोडमधून जातात. ‘जी१ एक्स४० वाय२५ एफ१२०’ अशी ओळ आली की हत्याराने सरळ रेषेत एक्स अक्षावर ४०, वाय अक्षावर २५ या ठिकाणी जायचं, वेग मिनिटाला १२० मिलिमीटर ठेवायचा. नववीतल्या मुलाला भूमितीतले निर्देशक कशासाठी शिकवतात हे फळ्यावर पटत नाही. ती ओळ स्वतः टाइप केली आणि समोरचं हत्यार तिथे जाऊन थांबलं, की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लेझर कटरवर नवशिक्याचा पहिला उद्योग ठरलेला असतो. खिळा किंवा डिंक न लावता, खाचेत खाच अडकवून उभी राहणारी पेटी. प्लायवूड ३ मिलिमीटरचं, म्हणून संगणकावर खाचही ३ मिलिमीटरची काढली जाते. बटण दाबलं, बारीक धूर आला, कडा काळसर होऊन तुकडे सुटले. जोडायला घ्यावं तर सगळं खुळखुळतं.

आरेखनातल्या रेषेला जाडी नसते, लेझरच्या किरणाला असते. तो रेषेवरून जाताना साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर लाकूड जाळून टाकतो. दोन दशांशांचा घास गेला असं धरलं, तर खाचेच्या दोन्ही बाजूंनी एकेक दशांश जातो आणि ३ ची खाच ३.२ होते. त्यात दुकानातलं ३ मिलिमीटरचं प्लायवूड व्हर्निअर लावून मोजलं तर बऱ्याचदा २.७ किंवा २.८ भरतं. मग शहाणी मुलं आधी एक चाचणीपट्टी कापतात, तिच्यात २.४ पासून ३ पर्यंत वाढत जाणाऱ्या खाचा ठेवतात आणि कोणत्या खाचेत लाकूड घट्ट बसतं ते हाताने पाहतात.

पुढचा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रत्येक नव्या फळीसाठी सगळं चित्र पुन्हा काढायचं का? कंटाळा येतोच. तेव्हा कोणीतरी दाखवतं की जाडीला एक नाव द्यायचं, सगळ्या खाचा त्या नावावर बांधायच्या, मग आकडा एकाच जागी बदलला की अख्खी पेटी आपोआप बदलते. प्रोग्रॅमिंगमधला चल म्हणजे व्हेरिएबल, तो हाच. संगणकाच्या तासाला तो ‘एक्स बरोबर पाच’ असा येतो आणि जातो. प्लायवूडच्या सात-आठ तुकड्यांची नासाडी झाल्यावर आला की डोक्यात राहतो.

याच यंत्रावर शिस्तीचाही धडा मिळतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळीतून येणारा हा किरण अवरक्त, डोळ्याला न दिसणारा. आणि पीव्हीसीचा तुकडा कापायला लावला तर क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो, जो फुफ्फुसाला घातक आणि यंत्राच्या भागांना गंज आणणारा. म्हणून ‘कुठलंसं प्लास्टिक’ आत घालायचं नाही, नाव माहीत असलेलंच घालायचं.

सर्किट बोर्डाची तऱ्हा निराळी. तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर केसाएवढ्या नाजूक हत्याराने नको असलेलं तांबं खरवडून काढायचं, उरतात त्या वाटा. त्यांवर मायक्रोकंट्रोलर सोल्डर करायचा. काही रुपयांच्या या चिपमध्ये एक लहानसा, पण पुरा संगणक असतो. त्याचं काम समजून घ्यायला अंडी उबवण्याचं यंत्र बनवून पाहण्यासारखी दुसरी गोष्ट नाही. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पेटीत बल्ब लावायचा, आत थर्मिस्टर ठेवायचा. ऊब वाढली की थर्मिस्टरचा रोध घटतो, त्यामुळे व्होल्टेज बदलतं. चिपला व्होल्टेजही कळत नाही, अंशही कळत नाहीत. ती शून्य ते पाच व्होल्टचे १०२४ भाग पाडते आणि ० ते १०२३ मधला एक आकडा सांगते. आकड्यावरून अंश काढण्याचं गणित माणसाने लिहून द्यायचं.

‘३७.५ च्या खाली गेलं तर बल्ब लाव, वर गेलं तर बंद कर.’ प्रोग्रॅम दोन ओळींचा, आणि बिनचूक. तरी यंत्र चालू करताच बल्ब चालू-बंद करणारा रिले टिकटिक टिकटिक वाजत सुटतो. तापमान ३७.४९ आणि ३७.५१ च्या मध्ये झुलतं आणि बल्ब सेकंदागणिक उघडझाप करतो. असं चालू राहिलं तर रिलेचे संपर्कबिंदू लवकरच निकामी होतात. उपाय सोपा: ३७.३ ला लावायचा, ३७.७ ला बंद करायचा, मधल्या पट्ट्यात जे चाललंय ते चालू द्यायचं. घरातल्या फ्रीजचा थर्मोस्टॅटही असाच मधला पट्टा राखून चालतो. नियंत्रणशास्त्राच्या पुस्तकात याला जड नाव आहे. टिकटिक ऐकलेल्या मुलीला नाव उशिरा कळलं तरी बिघडत नाही.

नेटवर्क शिकवायला मात्र वस्तू सापडत नाही अशी शिक्षकांची तक्रार असते. वायरमधून माहितीची पाकिटं जातात, राउटर पत्ते वाचून ती पुढे ढकलतो, हे सगळं डोळ्याआडचं. अफगाणिस्तानातल्या जलालाबादच्या फॅब लॅबने यावर नमुनेदार काम केलं. २००९ च्या सुमारास तिथे बाजारात मिळणारे साधे वायरलेस राउटर घेऊन त्यांच्यामागे परावर्तक लावले गेले. लॅबच्या मशिनवर कापलेलं लाकूड आणि त्यावर ठोकलेली तारेची जाळी, नाहीतर पत्र्याचे डबे, जे हाताशी येईल ते. जाळीची भोकं रेडिओलहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली की लहरीला ती सलग पत्र्यासारखीच वाटते आणि चारी दिशांना विखुरणारा सिग्नल एका दिशेला गोळा होऊन काही किलोमीटर जातो. एका छपरावरून दुसऱ्या छपरावर, तिथून तिसऱ्यावर अशी साखळी करून शहरातल्या इमारती जोडल्या गेल्या. मधला एखादा राउटर बंद पडला तर पाकिटांनी दुसरी वाट धरायची. इंटरनेटची मूळ कल्पनाही हीच, इथे ती छपरावर चढून हाताने फिरवता येत होती. या परावर्तकांची आरेखनं सर्वांसाठी खुली ठेवली होती. फाइल कुठेही पोचते, लाकूड आणि जाळी ज्याच्या त्याच्या गावची.

थ्रीडी प्रिंटरबद्दल इतक्या उशिरा लिहिण्याचं कारण सरळ आहे. पाहुण्यांना दाखवायला तो झकास, पण शिकण्याच्या क्रमात तो पहिला यायला नको. प्लास्टिकची तार सुमारे २०० अंशांना वितळवून थरावर थर चढवण्याची पद्धत स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी नोंदवली. २००५ मध्ये ब्रिटनच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकणारा खुला प्रिंटर बनवण्याचा प्रकल्प मांडला आणि २००९ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपल्यावर किमती धडाधड उतरल्या. आज शाळा प्रिंटर विकत घेते, इंटरनेटवरून तयार बाहुली उतरवते आणि छापते. मुठीएवढ्या वस्तूला काही तास लागतात, आणि त्या तासांत विद्यार्थी फक्त बघत बसतो. त्यापेक्षा त्याने तुटलेली मूठ किंवा नळाची कळ मोजून, स्वतः आरेखन करून छापली तर यंत्राचं सार्थक होतं.

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६ पासून दहा हजारांच्या आसपास शाळांना प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदान देऊन अशी साधनं पुरवली गेली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. खोक्यांचा प्रश्न त्यामुळे सुटत आला. प्रिंटरचं तोंड तुंबल्यावर ते उघडायला कोण धजावणार, जळालेल्या चिपचा हिशेब कोणाला द्यायचा, मोडतोडीची भीती मुलापेक्षा शिक्षकालाच जास्त असेल तर काय, हे प्रश्न शिल्लक आहेत. पाबळची पद्धत इथे उपयोगी पडते. विज्ञान आश्रमाने राज्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये नेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयात आठवड्यातला एक दिवस कामाचा असतो. शिकवणारा बऱ्याचदा गावातलाच कारागीर असतो आणि मुलांनी केलेलं काम गावाला वापरायला द्यायचं असतं. गळणारी टाकी बुजवली तर ती खरोखर गळायची थांबली पाहिजे; गुण देणारा परीक्षक म्हणजे टाकीचा मालक.

कलबाग २००३ मध्ये गेले. लॅब सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आश्रम चालू राहिला आणि लॅबही. अभियांत्रिकी पदवी घेतलेले तरुण आज तिथे प्रकल्पासाठी येतात, आणि त्यांना दहावी न झालेल्या मुलाकडून वेल्डिंगचा रॉड कसा धरायचा हे शिकून घ्यावं लागतं. संगणकावर आरेखन काढताना ते त्याला मदत करतात.