नव्या विषाणूची साथ आणि अफवांचे स्वरूप : पुणे, २००९

प्रस्तावना

नव्या विषाणूची साथ येते तेव्हा रोगाआधी त्याची वार्ता पोहोचते. अशा वेळी पसरणाऱ्या अफवा हे अज्ञानाचे लक्षण होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’च्या साथीत अफवा आणि घबराट यांचा प्रत्यय विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यातच आला. त्यामुळे या समजाचा फेरविचार करणे आवश्यक ठरते.

अफवेची संकल्पना

ऑलपोर्ट व पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवेचे एक सूत्र मांडले. विषयाचे महत्त्व आणि माहितीतील संदिग्धता यांच्या गुणाकारावर अफवेचा जोर अवलंबून असतो, असे ते सूत्र आहे. हा गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक घटक नाहीसा झाला, तर अफवाही टिकत नाही. त्यापूर्वी जमुना प्रसाद यांनी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास केला होता. भूकंपाचा धक्का बसला, पण फारशी हानी झाली नाही, अशा भागांतही आणखी मोठ्या संकटाच्या वार्ता पसरत होत्या. फेस्टिंजर यांनी पुढे याचा असा अर्थ लावला की, भीती मनात आधीच असते. अफवा त्या भीतीला साजेसे कारण पुरविते.

पुण्यातील प्रतिक्रिया

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी ही साथ जागतिक असल्याचे जाहीर केले. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. त्यानंतर डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली. मुखपट्ट्यांचा तुटवडा निर्माण होऊन त्या चढ्या भावाने विकल्या गेल्या. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांनी हातरुमाल बांधले. कापूर व वेलदोडा यांची पुरचुंडी हुंगल्यास रोग होत नाही, असे संदेश भ्रमणध्वनीवरून फिरू लागले.

या उपायाने विषाणूपासून संरक्षण होत नाही. मात्र कापराच्या उग्र वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते आणि आपण काहीतरी केले, असे समाधानही मिळते. पुरचुंडी घरोघर पोहोचली ती या अनुभवाच्या आधारावर. रांगांचा परिणाम याहून गंभीर होता. साधी सर्दी झालेली व्यक्ती आणि प्रत्यक्ष बाधित रुग्ण तासन्‌तास एकत्र उभे राहिल्याने संसर्गाचा धोका वाढत होता.

नावाचा परिणाम

रोगाच्या नावानेही संदिग्धता वाढविली. या विषाणूत डुकरांतील, पक्ष्यांतील व मानवी इन्फ्लुएंझा विषाणूंचे जनुकीय अंश होते, परंतु त्याचा प्रसार माणसाकडून माणसाकडे होत होता. नीट शिजवलेल्या डुकराच्या मांसापासून धोका नव्हता. तरीही इजिप्तने एप्रिल २००९ च्या अखेरीस देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश दिला. म्हणजेच चुकीच्या समजाचा प्रभाव सामान्य जनतेपुरता मर्यादित नव्हता. शासनसंस्थाही त्यास अपवाद नव्हत्या.

संदिग्धता कमी करणारी माहिती

सर्दी-ताप आला तर नेमके काय करावे, हा नागरिकांचा मूळ प्रश्न होता. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन गट करून त्याचे उत्तर दिले. सौम्य लक्षणे असणाऱ्यांनी तपासणी न करता घरीच विश्रांती घ्यावी. तीव्र ताप किंवा अन्य व्याधी असणाऱ्यांना वैद्यकीय सल्ल्याने औषध द्यावे. धाप लागणे, छातीत दुखणे अशी लक्षणे असणाऱ्यांची तपासणी करून त्यांना रुग्णालयात दाखल करावे, असे त्याचे स्वरूप होते. ‘घाबरू नका’ या आवाहनापेक्षा अशी सूचना अधिक उपयुक्त ठरते, कारण तिच्यामुळे व्यक्तीला आपली स्थिती स्वतः ताडून पाहता येते.

पुढील अनुभव

रोगाच्या नावात प्राणी, स्थळ वा व्यक्ती यांचा उल्लेख टाळावा, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. त्यानुसार २०२० मध्ये नव्या रोगास ‘कोविड-१९’ हे तटस्थ नाव देण्यात आले. तरीही कोंबडीच्या मांसातून तो पसरतो, अशी अफवा उठली आणि महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांना कवडीमोलाने पक्षी विकावे लागले. विषाणूचा उगम प्राण्यांत असावा, हे लोकांच्या कानी आले होते. पण कोणता प्राणी आणि कोणता आहार सुरक्षित, याचे स्पष्ट उत्तर त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचले नव्हते. नाव बदलले तरी संदिग्धता उरली की अफवेला वाट मिळते, हे यावरून दिसून येते.

समारोप

साथीच्या काळात विषयाचे महत्त्व कमी करता येत नाही, कारण प्रश्न जिवाचा असतो. कमी करता येते ती संदिग्धता. काय ज्ञात आहे, काय अद्याप अज्ञात आहे आणि तोपर्यंत नागरिकांनी काय करावे, या तीन गोष्टी आरंभीच सांगितल्या गेल्या, तर अफवेचा आधार क्षीण होतो. म्हणून अफवा पसरविणाऱ्यांवर केवळ कारवाई करून भागत नाही. प्रत्येक अफवेमागे लोकांचा एक अनुत्तरित प्रश्न असतो. तो ओळखून त्याचे वेळेवर उत्तर देणे, हा आरोग्यव्यवस्थेच्या कार्याचाच भाग मानला पाहिजे.