गोवळकोंड्याचा बालाहिसार: सुलतानांच्या घराची राखण

हैदराबादच्या पश्चिमेस सुमारे १२० मीटर उंचीच्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर वसलेला गोवळकोंडा किल्ला म्हणूनच सर्वपरिचित असला, तरी १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबाद वसवीपर्यंत तो कुतुबशाहीची राजधानी आणि सुलतानांचे राहते घरही होता. म्हणूनच येथील बंदोबस्त केवळ तटाच्या जाडीवर विसंबलेला नाही. सुमारे दहा किलोमीटरांचा, ८७ बुरुजांचा बाहेरचा कोट शहराला कवेत घेतो, तर बालाहिसार, म्हणजे टेकडीवरचा बालेकिल्ला, राजनिवासाची राखण करतो.

फतेह दरवाजाच्या फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे हत्तीची धडक निष्फळ करण्यासाठी आहेत. बालाहिसारच्या दरवाजासमोर मात्र याहून चतुर युक्ती दिसते: तेथे आडवी भिंत घातलेली असल्याने येणाऱ्याला सरळ धाव घेता येत नाही, वळावे लागते आणि वळताना तो वरच्या पहाऱ्याच्या माऱ्यात सापडतो. महाराष्ट्रातील किल्ल्यांचे गोमुखी दरवाजे, म्हणजे दोन बुरुजांच्या वळणाआड दडवलेली प्रवेशद्वारे, हेच तत्त्व वेगळ्या रीतीने पाळतात.

याच दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी टेकडीच्या माथ्यावरील बारादरीत स्पष्ट ऐकू येते. ही धोक्याची सूचना देण्याची योजना होती, असे वाटाडे हमखास सांगतात; परंतु राजधानीच्या गजबजाटात सुलतानांनी आपला जीव एका टाळीवर टांगला असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. क्योटोच्या निजो किल्ल्यात, तोकुगावा शोगुनांच्या निवासस्थानी, पाऊल पडताच पक्ष्यासारखी किलबिलणारी लाकडी जमीन आहे आणि तो आवाज मुद्दाम साधला की खिळे-पट्ट्यांच्या घर्षणातून आपसूक उपजला, याविषयी तेथेही मतभेद आहेत.

वेढा पडलेल्या घराला भिंतीइतकीच पाण्याची गरज असते. गोवळकोंड्यात रहाटांनी पाणी टप्प्याटप्प्याने वरच्या हौदांत चढवले जाई आणि भिंतींत बसवलेल्या खापरी नळांतून ते महालांपर्यंत पोहोचे. पर्यटक टाळी वाजवून पुढे जातात, पण किल्ला दीर्घकाळ लढवण्याची खरी ताकद या नळांत होती.

१६८७ मध्ये औरंगजेबाने घातलेला वेढा सुमारे आठ महिने चालला. मोगलांचे सुरुंग उलटून त्यांचीच माणसे मेली, तरी तट ढळला नाही; अखेर अब्दुल्लाखान पनी या फितूर सरदाराने एक छोटा दरवाजा आतून उघडून दिला. सुलतानाचा एकनिष्ठ सरदार अब्दुर्रझाक लारी जखमांनी विंधला जाईपर्यंत लढला, तर शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याची रवानगी दौलताबादच्या किल्ल्यात झाली आणि तेथे कैदेतच त्याचा मृत्यू झाला.