बचावपटूची नजर : डेरिक परेरा

लासुर्ण्याच्या वाचकाला फुटबॉल गोव्या-कोलकात्याचा वाटेल. पण २०१२-१३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातला पुणे एफसी आय-लीगचा उपविजेता होता. त्याचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, एकेकाळचे साळगावकर क्लबचे बचावपटू. बचावपटू प्रशिक्षक झाला, हा योगायोग नव्हे. मधल्या बचावपटूला सगळं मैदान समोर दिसतं. कोण जागा सोडतोय, कोण मोकळा सुटलाय, हे त्याला ओरडून सांगावं लागतं. खेळता खेळताच त्याची प्रशिक्षकाची तालीम होते. २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, महाराष्ट्रातल्या क्लबचं ते पहिलंच विजेतेपद, तेव्हाही सूत्रं परेरांकडेच होती.

महिंद्रमागे मोठ्या कंपनीचं पाठबळ होतं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीकडे ना जुना वारसा होता, ना पिढ्यान्‌पिढ्यांचे चाहते; तरी परेरांनी त्याला उपविजेतेपदापर्यंत नेलं. पुढे एफसी गोवाचे तांत्रिक संचालक असताना, डिसेंबर २०२१ मध्ये तिथले प्रशिक्षक हुआन फेरांदो अचानक क्लब सोडून गेल्यावर, परेरांनी प्रशिक्षकपद स्वीकारलं. त्या मोसमात संघ लीगमध्ये नववा आला. मात्र दुसऱ्याने बांधलेला संघ भर मोसमात हाती आला, तर त्या एका निकालावरून माणसाची पारख करणं अन्यायाचं आहे.