ताणलेला दोरा

ये, बस इथे गॅलरीत. आत्याचं विमान न्यूयॉर्कहून सुटलं, उद्या ती लालबागला पोचेल. तोवर तुझा प्रश्न सोडवू: विमान नकाशावरच्या सरळ रेघेने का जात नाही, आणि जायला-यायला वेळ वेगळा का लागतो?

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेव. रेघ अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को ओलांडून अटलांटिकमध्ये शिरते. आता हा पृथ्वीचा गोल घे. गिरणीत मी जन्मभर धागा हाताळला. ताणला की तो सगळ्यात जवळची वाट धरतो. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धर आणि ताण. बघ कुठे सरकला! पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, मॉस्को, फिनलंड, आइसलंडची दक्षिण बाजू, मग कॅनडावरून खाली. ही वाट सुमारे १२,५०० किलोमीटरची. नकाशावरची सरळ रेघ तिच्याहून जवळपास १,७०० किलोमीटर लांब पडते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की अशी फसगत होते.

म्हणून वैमानिक शक्यतो या दोऱ्याच्या जवळ राहतो. अर्थात मधल्या देशाने आपलं आकाश बंद केलं की वळसा आलाच. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना वाट बंद केली, तेव्हापासून तो भाग टाळूनच जावं लागलं.

आता वेळेचं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क आपोआप पुढे यायला हवं, असंच म्हणालास ना? हुशार आहेस. पण करी रोडहून परळला जाताना लोकलच्या डब्यात उडी मारलीस, तर मागच्या डब्यात पडतोस का? नाही. तुझ्या अंगातही गाडीचाच वेग असतो. तशी हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं.

खरी करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्यातल्या फरकातून ती जन्मते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो, तसा तिचा जोरही वाढतो. कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. आत्या येते तेव्हा ही नदी विमानाला पाठीमागून ढकलते, जाताना समोरून अडवते. म्हणून येताना चौदा-पंधरा तास, जाताना सोळाच्या आसपास.

मला तर हे सगळंच अद्भुत वाटतं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, ते वाटेत कैरोला आणि जिनिव्हाला उतरत गेलं. आज आत्या त्याहून कितीतरी लांबून एका दमात येते.

हा दोरा आता तुझ्याकडेच ठेव. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला ताणून बघ, आणि वाटेत कुठला समुद्र लागतो ते आत्या आली की तिला सांग.